ताई, सामान छातीवर बांधू की कमरेवर?

"ताई, मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. वय 24, उंची पाच फूट एक इंच, वजन 50 किलो. दिवाळीपासून ऑफिसच्या ग्रुपबरोबर रविवारी एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या बंदुकांची लुटुपुटीची लढाई, खेळायला जाते. मैदान दौलताबादच्या बाजूला आहे. बंदूक आणि मास्क तिथंच भाड्यानं मिळतात, बाकीचं सामान ज्याचं त्यानं न्यायचं. ग्रुपमधल्या सगळ्या मुलांनी प्लेट कॅरियर घेतलं म्हणून मीही ऑनलाइन तसलंच मागवलं. पहिला तास मजेत जातो. मग मान अवघडते, खांद्यांवर वळ उठतात, उकिडवं बसलं की त्याची कड पोटात रुतते. मॅगझिन, म्हणजे बंदुकीला लावायची छर्र्यांची डबी, काढायला गेलं की हात भलतीकडंच जातो. कुणी म्हणतं चेस्ट रिग, म्हणजे छातीवर बांधायची खिशांची पट्टी, घे, कुणी म्हणतं बेल्ट घे. आता ऊनही तापायला लागलंय. परत पैसे घालायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. खेळ मात्र मला सोडायचा नाही."
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

खेळ कशाला सोडायचा? तुझं दुखणं खेळाचं नाही, ओझं नको तिथं बांधल्याचं आहे. उत्तर आधी देऊन टाकते: बेल्ट घे. रुंद, आतून गादी असलेला, कमरेच्या हाडांवर बसणारा. चेस्ट रिग सध्या घेऊ नकोस. आणि घेतलेलं प्लेट कॅरियर विकूही नकोस, त्यातलं बरंचसं कामाला येणार आहे.

प्लेट कॅरियर हे सैनिकाच्या छाती-पाठीवर चिलखती प्लेटा धरून ठेवणारं जाकीट आहे. गोळी अडवायची तर प्लेट जागची हलून चालत नाही, म्हणून ते अंगाला आवळून बसतं आणि जवळजवळ सगळा भार दोन खांद्यांवर घेतं. सैनिक ते सोसतो, कारण त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. आपल्या खेळात उडतो तो 6 मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा. त्याचं वजन साधारण 0.20 ते 0.25 ग्रॅम. 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 100 मीटर वेगानं सुटला तर त्याची ऊर्जा 1 ज्यूल भरते. जाड सुती शर्टावर तो बसला तर चटका लागतो, फार तर लाल ठिपका उठतो. डोळ्याची गोष्ट निराळी. तेवढाच छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, दात तोडू शकतो. म्हणून मास्कच्या बाबतीत काडीची तडजोड नको आणि छातीवरच्या प्लेटांची काडीची गरज नाही. तुझ्या जाकिटात आहेत त्या फोमच्या प्लेटा फक्त जाकिटाला आकार देतात आणि अंगाची वाफ आत कोंडून ठेवतात. त्या आजच काढून ठेव.

हा खेळ 1970 च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. खऱ्या बंदुका बाळगायला तिथं कडक बंदी असल्यामुळे खेळण्यातल्या बंदुकांवर लोकांनी हौस भागवली. हौस म्हटली की दिसणंही आलंच, ते मला मान्य आहे. तुमच्या ग्रुपच्या फोटोत सगळे प्लेट कॅरियरमध्ये आणि तू एकटी बेल्टवर, हे तुला सुरुवातीला थोडं खटकेल. पण बारा वाजता उभं राहायची ताकद कुणात उरलीय हे त्याच मैदानावर सगळ्यांना दिसेल.

आता एक काम कर. आईबाबांचा किंवा शेजारचा वजनकाटा आण. आधी नुसती उभी राहा, मग सगळं सामान अंगावर चढवून उभी राहा, आणि फरक लिहून ठेव. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं असं म्हटलं आहे. तो नियम लेकरांसाठी आहे, पण पळायच्या, वाकायच्या, रांगायच्या खेळात मोठ्यांसाठीही मी तोच आकडा धरते, आणि बंदूक त्यात मोजते. तुझ्यासाठी म्हणजे 5 किलो. भाड्याची बॅटरीवरची रायफल साधारण अडीच किलोची धर, काही तीन किलोच्याही असतात. बेल्ट आणि त्यावरचे पाउच (सामानाचे कप्पे) मिळून पाऊण किलो, तीन भरलेली मॅगझिनं अर्धा-पाऊण किलो, अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो. झाले साडेचार. वर फोन, शिटी, छर्रा लागला की वर करायचं लाल फडकं एवढंच बसतं. तुझं सध्याचं वजन यापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरलं तर मला नवल वाटणार नाही.

तीनच मॅगझिनं का? साध्या मिड-कॅप, म्हणजे मध्यम मापाच्या मॅगझिनमध्ये शंभराच्या वर छर्रे मावतात. पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत सिंगलवर, म्हणजे घोडा एकदा ओढला की एकच छर्रा असं खेळणाऱ्याला तीन भरपूर झाली. पाच-सहा घेऊन फिरणारे ती बहुतेक वेळा तशीच भरलेली परत आणतात. छर्र्यांची बाटली सावलीत, सेफ झोनमध्ये, म्हणजे जिथं बंदूक चालवायची नसते त्या जागेत ठेव. फेरी संपली की तिथं भरून घ्यायची. हजार छर्रे म्हणजे 200 ग्रॅम, ते अंगावर वागवायचं कारण नाही.

बेल्ट निवडताना सगळ्यात आधी तो बसतो कुठं ते बघ. कमरेवर दोन्ही बाजूंना हाताला लागतात त्या हाडांच्या कडेवर तो टेकला पाहिजे. त्याच्या वर बांधलास तर पोट आवळेल आणि पळताना दम लागेल. खाली घसरला तर मांडी उचलताना पाउच आपटत राहतील. हाडावर बसला की भार थेट पायांत उतरतो, खांदे मोकळे राहतात. आतली गादी तीन-चार बोटं रुंद असावी, फार मऊ नको. डोक्यावर घागर घेताना आपल्या बायका खाली चुंबळ ठेवतात, तिचं आणि या गादीचं काम एकच: टोचणारं वजन पसरून घ्यायचं.

तू ट्रॅक पँट घालून खेळत असशील तर तिला बेल्ट ओवायचे लूप नसतात. मग आतला-बाहेरचा असा दुहेरी बेल्ट तुझ्या उपयोगाचा नाही. एकेरी, गादीचा बेल्ट घे आणि त्याला खांद्यांवरून जाणारे दोन पातळ पट्टे लाव. ते पट्टे ओझं उचलायला नाहीत, पळताना बेल्ट खाली येऊ नये एवढ्यासाठीच आहेत. म्हणून ते किंचित ढिले असू देत, दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. आवळलेस की पुन्हा खांदे भरून येतील आणि बेल्ट घेऊन काही साधणार नाही.

तू उजव्या हातानं खेळतेस असं धरून सांगते. डावखुरी असशील तर सगळं उलट कर. मॅगझिनं डाव्या कमरेच्या हाडाच्या जरा पुढं, कारण उजवा हात बंदुकीवर असतो आणि बदलायचं काम डावा हात करतो. त्यांची छर्र्यांची तोंडं पुढच्या बाजूला येतील अशी ठेव, म्हणजे हातात आल्यावर मनगट फिरवावं लागत नाही. डावीकडंच, पण मागच्या बाजूला, रिकाम्या मॅगझिनांसाठी घडी होणारी कापडी पिशवी. पळता पळता रिकामं मॅगझिन परत अरुंद पाउचमध्ये कोंबत बसायचं नाही, त्या पिशवीत टाकायचं आणि पुढं निघायचं. उजवीकडं मागं पाण्याची छोटी बाटली. लाल फडकं उजवीकडं पुढं, एका झटक्यात निघेल असं. छर्रा लागल्यावर ते पटकन वर झालं नाही तर समोरचा आणखी चार मारतो, आणि चूक त्याची नसते.

दोन जागा रिकाम्या ठेवायच्या. एक, पोटाच्या मधोमध वीतभर रुंद जागा. तुला जे रुततंय ते तिथलंच. दुसरी, पाठीच्या कण्यावर, बरोबर मधोमध. आपल्याकडचा माळ म्हणजे मुरूम आणि काळा दगड. मागं सरकताना पाय घसरून पाठीवर पडलीस आणि कण्याखाली कडक पाउच किंवा बाटली असली तर मार थेट मणक्याला बसतो. हे मी अगदी कळकळीनं सांगते आहे, कारण दुकानात टांगलेल्या तयार बेल्टांवर नेमकं तिथंच काहीतरी लावलेलं असतं.

हात भलतीकडं जातो म्हणतेस, त्यात तुझा दोष नाही. तोंडभर मास्क घातला की खालचं दिसत नाही. स्वतःच्या छातीवर काय आहे ते बघायला मान पार खाली घालावी लागते, आणि तेवढ्यात समोरचा टिपतो. म्हणजे मॅगझिन डोळ्यांनी शोधायचं नसून हातानं सापडलं पाहिजे. हात सैल सोडून कोपर जरा वाकवलं की तळवा आपोआप कमरेच्या हाडावर टेकतो. बेल्टचा हा फायदा लोक फारसा सांगत नाहीत, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. घरी मास्क नसेल तर डोळे मिटून सराव कर. आणि एकदा जागा ठरवली की महिनाभर तरी बदलू नकोस.

चेस्ट रिगबद्दल. ती वाईट वस्तू नाही. गाडीत बसून जायचं असेल, गुडघ्यावर बसून खूप वेळ थांबायचं असेल तर ती बेल्टपेक्षा सोयीची पडते. पण तुझ्या मैदानावर आडोसा असतो तो बांधाचा, दगडांच्या गडग्याचा, म्हणजे पालथं पडणं आलं. पालथं पडल्यावर छातीखाली मॅगझिनांची रांग असेल तर अंग जमिनीपासून वर उचललं जातं, मान मागं मोडावी लागते. तुझी मान अवघडण्यामागं हेही एक कारण असणार.

बाईमाणसाच्या अंगाचा विचार हे सामान बनवणाऱ्यांनी क्वचितच केलेला असतो, तेही बोलू. सरळ पट्टीची रिग छातीवर घट्ट बांधली की दुखतं, सैल सोडली की उड्या मारते. कधी वापरायची वेळ आलीच तर ती छातीच्या खाली, बरगड्यांवर बसव आणि मधून उघडणारी, दोन भागांची बघ. पाठीवर पट्टे फुलीसारखे जाणारे असतील तर ते मानेजवळ येतात, उभे समांतर असतील तर खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बसतात. तुझ्या मानेला दुसरे बरे. शिवाय उंची कमी असली की धडही आखूड असतं. शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत आडवी बोटं ठेवून बघ. चार बोटं मावली नाहीत तर रिग आणि बेल्ट एकत्र कधीच वापरू नकोस, वाकलं की दोन्ही एकमेकांना भिडून पोटाला चिमटा काढतील. नवं घ्यायच्या आधी ग्रुपमधल्या कुणाचं तरी एका फेरीपुरतं मागून घे. नाही कुणी म्हणणार नाही.

मानेचं आणखी एक कारण तू लिहिलं नाहीस, पण मला शंका आहे: बंदुकीचा पट्टा. भाड्याच्या बंदुकीला बहुधा एका टोकाचा, अरुंद पट्टा लावलेला असतो. अडीच-तीन किलो वजन दिवसभर मानेच्या एकाच जागेवर लोंबकळतं आणि आपण दोष जाकिटाला देतो. स्वतःचा दोन टोकांना अडकणारा, तीन बोटं रुंद पट्टा घे. तो मानेवर न घेता खांद्यावरून पाठीवर तिरपा जाऊ दे. तुला फक्त एकाच वस्तूवर पैसे खर्चायचे असते तर मी बेल्टच्याही आधी हा पट्टा घ्यायला सांगितलं असतं.

पाण्याचं नीट ऐक. आपल्याकडं मार्चअखेरपासून ऊन अंगावर येतं, मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42-43 ला टेकतो, संभाजीनगरही फार मागं नसतं. पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी घ्यावी असं तुला कुणीतरी सुचवेल. ती दोन किलोची असते आणि पाठ झाकून टाकते, म्हणजे फोमची प्लेट काढून मिळवलेला वारा पुन्हा बंद. शिवाय तोंडभर मास्क असताना नळी आत घ्यायची तर मास्क जरा वर करावासा वाटतो. तो मोह मैदानात एकदाही नको. म्हणून फेरीपुरतं अर्धा लिटर कमरेला, तेही सेफ झोनमध्ये पोचल्यावर प्यायला, आणि बाकीचं तीन-चार लिटर सावलीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली, ताक, मीठ-साखरेचं पाणी. प्रत्येक फेरीनंतर प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. उन्हाळ्यात सकाळी सातला सुरू करून दहाला आटपा असं मैदानवाल्यांना सगळ्यांनी मिळून सांगा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, चालताना तोल जाऊ लागला तर फेरी तिथंच सोडून सावलीत यायचं आणि अंगावरचं सगळं उतरवायचं. बेल्टचं बकल एका हातानं उघडतं का, हे विकत घेतानाच बघ. अशा वेळी दुसऱ्यानं धावत येऊन ते उघडायचं असतं.

आपल्या माळाचा आणखी एक त्रास म्हणजे कुसळं आणि गोखरू. पाऊस संपून गवत वाळलं की वेल्क्रोच्या पाउचमध्ये ती अशी घुसतात की महिन्याभरात वेल्क्रो चिकटायचंच थांबतं. वर तो उघडताना होणारा चर्रर आवाज बांधापलीकडच्याला तुझा पत्ता देतो. म्हणून मॅगझिनांसाठी वरून उघडे, लवचिक दोरी असलेले पाउच घे, आणि फोनसाठी टिचबटणाचं किंवा चेनचं झाकण बघ. जुना दात घासायचा ब्रश वेल्क्रो साफ करायला ठेव. पाउचच्या तळाला पाणी निघायला भोक असावं. पावसाळ्यात काळी माती आत बसली की मॅगझिनमध्ये जाते आणि छर्रे अडकतात.

आता तुझं जाकीट. त्याच्यावर आडव्या पट्ट्यांच्या ओळी शिवलेल्या असतील. त्या पट्ट्या 25 मिलिमीटर रुंद, मधलं अंतरही तेवढंच, आणि दर 38 मिलिमीटरवर उभी शिलाई, हे माप जवळपास सगळीकडं सारखं असतं. त्यामुळं तुझे पाउच काढून कुठल्याही तशा पट्ट्यांच्या बेल्टवर बसतील, नवे घ्यावे लागणार नाहीत. बसवताना पाउचचा पट्टा एकदा बेल्टच्या पट्टीखालून, एकदा पाउचच्या पट्टीखालून असा विणत न्यायचा. नुसता सरळ ओढून घेतला तर पाउच डुलत राहतो. बेल्ट बाजारात मनासारखा मिळाला नाही तर जुन्या शहरात बॅगा शिवणाऱ्या एखाद्या कारागिराकडं पाउच घेऊन जा. नायलॉनचा पट्टा, नायलॉनचाच दोरा आणि ताण येतो तिथं दुहेरी टाका, एवढं सांगितलं की तो तुझ्या कमरेच्या मापानं शिवून देईल. पाच फुटी बारीक मुलीला बाजारातलं सगळ्यात छोटं मापही कधीकधी मोठं पडतं, त्यामुळं शिवून घेणं मला तरी जास्त पटतं.

रंग साधा खाकी किंवा मातकट घे. सैन्याच्या गणवेशासारखा ठिपक्या-ठिपक्यांचा नको. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. तुझा तसा हेतू नसला तरी रस्त्यात कुणाला समजावत बसण्यापेक्षा तो प्रश्नच उभा राहू नये हे बरं. बेल्ट बंद पिशवीत घालून न्यायचा, स्कूटीवर अंगावर चढवून नाही.

सगळं जमलं की रविवारची वाट न बघता घरीच एकदा पूर्ण भरून बांध. मांडी घालून बस, उकिडवी बस, पालथी पड, जिना चढ-उतर, मग वीस-पंचवीस मिनिटं तसंच अंगावर ठेवून घरातली कामं कर. जिथं टोचेल तिथला पाउच बोटभर पुढं-मागं सरकव. बहुतेक त्रास तेवढ्यानंच जातो. आत घामानं ओला होणारा सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल आणि त्याची शिवण पट्ट्याखाली येत नाही ना ते बघ. आणि एक. ओझं कमी केल्यावरही आठ-पंधरा दिवसांत मान मोकळी झाली नाही, किंवा हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तोवर मैदानावर फक्त पंच म्हणून उभी राहा.